मला उमजलेले बालगंधर्व : नक्कल आणि नमस्कार

डिसेंबर महिना लागला की युरोप-अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात नाताळच्या गाण्यांना भरती येते. त्या भरतीत एक प्रकार हमखास आढळतो. आजचा एखादा जॅझ गायक कालच्या एखाद्या थोर गायकाची सणाची गाणी निवडतो, ती आपल्या गळ्यातून पुन्हा म्हणतो आणि त्या तबकडीवर त्या जुन्या गायकाचे नाव मोठ्या आदराने छापतो. बाजाराच्या दृष्टीने हा सणाचा माल होय. पण संगीताच्या दृष्टीने त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जे गाणे लाखो लोकांच्या कानांत एकाच आवाजात कायमचे बसलेले आहे, ते दुसऱ्याने पुन्हा गायचे तर नेमके काय करायचे? तसेच्या तसे गायले तर ती नक्कल होते, आणि अगदी निराळे गायले तर ज्याचे नाव घेतले त्याचा त्यात संबंध काय उरला, असे श्रोता विचारतो.

ज्या जुन्या गायकांना असा मान मिळतो त्यांना तिकडे ‘क्रूनर’ म्हणतात. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. गुणगुणल्यासारखे, कानाशी बोलल्यासारखे गाणारा, असा त्याचा अर्थ करावा लागेल. 1925 च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि गायकापुढे मायक्रोफोन आला. तोवर कर्ण्यासमोर उभे राहून मोकळ्या, मोठ्या आवाजात गाणे भाग होते. मायक्रोफोनने ती सक्ती काढून टाकली आणि हलक्या, जवळिकीच्या आवाजाला प्रथमच भाव आला. बिंग क्रॉस्बी हा या संप्रदायाचा अध्वर्यू. इरव्हिंग बर्लिन या रचनाकाराचे ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गीत त्याने 1942 साली ध्वनिमुद्रित केले. त्याच्या इतक्या प्रती निघाल्या की मूळ साचाच झिजून गेला. तेव्हा 1947 साली क्रॉस्बीला पुन्हा बोलावून तेच गाणे शक्य तितके तसेच गाऊन घेण्यात आले. गायकाने स्वतःचीच नक्कल करावी, असा हा दुर्मिळ प्रसंग म्हणावा लागेल!

त्याच्यानंतरचा नॅट किंग कोल हा मुळात जॅझचा पियानोवादक. त्याने 1946 साली नाताळचे एक गीत गायले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. 1965 साली, अवघ्या 45 व्या वर्षी तो वारला. त्याच्यामागे त्याला दोन प्रकारचे नमस्कार घडले. पंधराव्या वर्षी पित्याला मुकलेली त्याची कन्या नॅटली हिने 1991 साली पित्याच्या जुन्या मुद्रणातील आवाजाशी आपला आवाज यंत्राने जुळवून घेतला आणि मृत पिता व जिवंत कन्या यांचे युगुलगीत जगाने ऐकले. पुढे 2017 साली ग्रेगरी पोर्टर या जॅझ गायकाने कोलच्या गाण्यांची एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली. पोर्टरचे वडील घरात नसत. लहानपणी कोलच्या तबकड्या ऐकता ऐकता त्या आवाजातच तो पित्याला शोधी, असे त्याने स्वतःच सांगितलेले आहे. नॅटलीला यंत्राची मदत झाली. पोर्टरपाशी स्वतःच्या भरदार गळ्यावाचून दुसरे साधन नव्हते, आणि हा दुसरा मार्ग अधिक कठीण होय.

मराठी श्रोत्याला हे ऐकून नवल वाटण्याचे कारण नाही. याच कठीण मार्गाने जाणारे एक ध्वनिमुद्रण मराठीत पोर्टरच्या कितीतरी आधी, गेल्या शतकातच झालेले आहे. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हे त्याचे नाव आणि कुमार गंधर्व हे त्याचे गायक. आधी मैफलीचा कार्यक्रम म्हणून ते श्रोत्यांपुढे आले आणि पुढे हिज मास्टर्स व्हॉइसच्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने घरोघर पोहोचले.

ज्यांना हा नमस्कार केला ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, 26 जून 1888 रोजी जन्मले. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे सांगतात. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, 1911 साली ‘मानापमाना’त भामिनी झाले, 1913 साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 सालच्या ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी आणि 1919 सालच्या ‘एकच प्याला’तील सिंधू या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्र अक्षरशः वेडा केला. स्त्रियांची भूमिका करणाऱ्या या पुरुषाचे लुगडे नेसणे आणि दागिने घालणे पाहून घरंदाज स्त्रिया आपला पोशाख बदलू लागल्या. जो स्त्रीची नक्कल करीत होता त्याची नक्कल स्त्रियांनी करावी, यापरते यश नटाला कोणते?

पण त्यांचे खरे सामर्थ्य गळ्यात होते. भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू त्यांना लाभला होता. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनचा अखंड सूर, असा त्यांचा संच असे. मायक्रोफोनच्या आधीच्या काळात भरल्या नाट्यगृहात ते गात, तरीही त्यांचा आवाज ओरडण्यापर्यंत कधी गेला नाही. क्रॉस्बीला जी जवळीक यंत्राने मिळवून दिली, ती बालगंधर्वांनी यंत्रावाचून साधली, असे म्हणण्यास हरकत नाही. शब्द तुटू न देता स्वर लांबवणे, शब्दाला कणस्वराचा अलगद स्पर्श करणे, तालाच्या किंचित मागेपुढे राहून समेवर अचूक उतरणे आणि तान घेतली तरी ती वाक्याच्या अर्थाला धरून घेणे, ही त्यांची वैशिष्ट्ये जाणकारांनी वर्णन केलेली आहेत. जॅझचा गायक ओळीचा शब्द तालाच्या अल्पसा मागे ठेवून श्रोत्याला अधीर करतो. बालगंधर्वांच्या गाण्यात तेच कौशल्य निराळ्या मातीत उगवलेले दिसते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा विषय तिच्यावर अवलंबून आहे. रंगभूमीवर बालगंधर्वांचे एकेक पद ‘वन्स मोअर’च्या गजरात वाढत वाढत जाई आणि नाटक रात्रभर चाले. त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूवर मात्र जेमतेम सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. म्हणजे तबकडीवरचे बालगंधर्व हे घाईतले बालगंधर्व आहेत. ज्यांनी त्यांना रंगमंचावर ऐकले नाही आणि केवळ तबकड्यांवरून त्यांची गायकी उचलली, त्यांनी ती घाईसुद्धा शैली समजून उचलली. शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि नाट्यगीतांच्या स्पर्धांतून अजूनही बालगंधर्वांची पदे म्हणणारी हुशार मुले भेटतात. त्यांची हरकत न् हरकत तबकडीबरहुकूम असते, पण पद मात्र गुदमरल्यासारखे वाटते. दोष मुलांचा नाही. जे सव्वातीन मिनिटांत कोंबले होते ते कोंबलेलेच त्यांच्या हाती आले.

कुमार गंधर्वांना या नक्कलेचा मोह आणि धोका दोन्ही बालपणापासून ठाऊक होते. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ हे त्यांचे मूळ नाव. 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे एका लिंगायत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची भाषा कानडी. वडील स्वतः गाणारे. सहासात वर्षांचा असताना हा मुलगा एकाएकी गाऊ लागला आणि गाऊ लागला तो थोर गवयांच्या तबकड्या तंतोतंत उतरवूनच! वझेबुवा, अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ अशा एकमेकांपासून दूर असलेल्या गायकांचे गाणे तो जसेच्या तसे म्हणून दाखवी. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला एका स्वामींकडून याच वयात मिळाली. 1936 साली मुंबईच्या संगीत परिषदेत या बालकाने मोठमोठ्या उस्तादांना थक्क केले. त्यानंतर तो प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिकण्यास राहिला. देवधरांचे मोठेपण असे की त्यांनी या चमत्काराला तसाच बाजारात फिरू दिला नाही. जे उसने आहे ते कोठून आले आणि का आले, हे समजून घेण्याची सवय त्यांनी त्याला लावली. नकलाकार आणि कलावंत यांच्यामधली वाट कुमारांनी देवधरांच्या शाळेत चालून काढली.

पुढे आजाराने घाला घातला. 1947 साली विवाह झाला आणि लगोलग क्षयाचे निदान झाले. हवापालटासाठी 1948 च्या आरंभी ते माळव्यात देवासला गेले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद. बरे झाले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली आणि पुन्हा उभे राहिल्यावर त्यांच्या गाण्याची ठेवणच बदलली. लांब श्वासाची जागा छोट्या, धारदार तुकड्यांनी घेतली. मध्येच येणारी स्तब्धता हाही गाण्याचाच भाग झाला.

असा हा गायक चाळिशीत बालगंधर्वांकडे वळला, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. एकाचे गाणे म्हणजे रेशमाचा न तुटणारा धागा आणि दुसऱ्याचा श्वासच तोकडा! ज्या मुलाने कधीकाळी कोणाचीही हुबेहूब नक्कल केली असती, त्याला आता ती करणे शरीरानेच अशक्य करून ठेवले होते. उरला तो एकच उपाय. पदाच्या बाहेरच्या नक्षीवर न थांबता आतली रचना हुडकावयाची. ही ओळ बालगंधर्वांनी येथेच का मोडली, हा शब्द दोनदा घेताना दुसऱ्या वेळी हलका का केला, ही तान अर्थाच्या कोणत्या अंगाने निघाली, असे प्रश्न एकेका पदाला विचारावयाचे आणि उत्तर आपल्या गळ्याला झेपेल अशा भाषेत द्यावयाचे. दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर वीसएक मिनिटांचे गाणे मावते. तबकडीने जी घाई लादली होती ती येथे संपली आणि पदांना पुन्हा श्वास घेण्यास जागा मिळाली.

नावातील तिन्ही शब्द तोलून घातलेले आहेत. ‘बालगंधर्वांची गाणी’ असे साधे नाव देता आले असते. ‘उमजलेले’ हा शब्द ‘शिकलेले’, ‘पाठ केलेले’ किंवा ‘ऐकलेले’ यांच्याहून निराळा आहे. उमजणे ही आतून घडणारी क्रिया होय. ती सावकाश होते आणि अपुरीही राहू शकते. ‘मला’ या शब्दात नम्रता आहे आणि हट्टही आहे. इतरांना निराळे बालगंधर्व उमजले असतील, त्यांनी ते खुशाल गावेत, मला जेवढे आणि जसे उमजले तेवढे मी मांडतो, असा त्याचा भाव. शीर्षकातच इतकी स्पष्ट भूमिका घेणारी आदरांजली इतरत्र क्वचितच सापडेल. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांवर ‘अमक्यास अर्पण’ असे छापलेले असते. अर्पण करणाऱ्याने काय समजून अर्पण केले, ते मात्र श्रोत्याने ताडावयाचे असते.

यावर मतभेद झाले आणि ते साहजिकच होते. ज्यांनी ‘स्वयंवर’ प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांच्या कानांना ऑर्गनच्या भरीव सुराविना ही पदे उघडी वाटली असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. त्या भक्तांची बाजूही खरी होती. रुक्मिणीचे पद रुक्मिणीच्या वेषातून, तिच्या प्रसंगातून वेगळे काढले की त्याचा एक पदर गळून पडतो. तथापि वेष, प्रसंग आणि नट ही सर्व काळाच्या ओघात जाणारी. पद टिकावयाचे तर ते मैफलीत, दुसऱ्याच्या गळ्यातच टिकणार. कुमारांनी पदाचे काय केले याबद्दल वाद घालता येईल, पण ते त्यांनी जिवंत ठेवले याबद्दल नाही.

स्वतः बालगंधर्वांचा उत्तरकाळ कष्टात गेला. अत्तरे, शालू, गालिचे यांवर पाण्यासारखा पैसा खर्चणारी मंडळी कर्जात बुडाली. 1935 साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले, पण रुपेरी पडद्याशी त्यांचे जमले नाही. पुढे पायांनी अधू झाल्यावरही ते भजने गात राहिले. 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि 15 जुलै 1967 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या काळातही हा नमस्कार थांबलेला नाही. 2011 साली त्यांच्या जीवनावर ‘बालगंधर्व’ हा चित्रपट निघाला. त्यात पडद्यावरील बालगंधर्वांसाठी भीमसेन जोशी यांचे शिष्य आनंद भाटे गायले आणि त्या पार्श्वगायनास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाची मागणी मूळ आवाजाचा भास व्हावा ही होती, म्हणून तेथे जवळिकीचे अनुकरण योग्यच ठरते. वसंतराव देशपांड्यांची गायकी त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी 2022 साली प्रदर्शित झालेल्या ‘मी वसंतराव’मध्ये उभी केली, त्यालाही तोच सन्मान लाभला. कोलच्या कन्येचे स्मरण या ठिकाणी होते, फरक एवढाच की नातवाने आजोबांच्या आवाजाला यंत्राने जोड दिली नाही, स्वतःच्या गळ्याने दिली.

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी घरांना या कथेचा एक निराळा पदर अधिक जवळचा वाटेल. कुमार गंधर्वांची मातृभाषा कानडी. ‘सवाई गंधर्व’ म्हणून गाजलेले रामभाऊ कुंदगोळकर हे धारवाडकडचे, आणि तेही मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. बालगंधर्वांच्या गायकीचे हुबेहूब अनुकरण करून पुढे आलेल्या आणि अखेरपर्यंत त्यांना सोबत करणाऱ्या गोहरबाई, नावाप्रमाणेच कर्नाटकी. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही आजच्या कर्नाटकातलाच, आणि त्यांनी आपल्या पदांसाठी कानडी चाली मोकळ्या मनाने घेतल्या. मराठी नाट्यपद हे एका भाषेचे एकटीचे अपत्य कधी नव्हतेच.

आणि या मुलुखात ही देवघेव नवी नाही. आज ज्याला बसवकल्याण म्हणतात त्या कल्याणीच्या राजधानीत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्याने त्यात करून ठेवली आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर हे श्रीनृसिंहसरस्वतींचे स्थान. त्यांचे चरित्र ‘गुरुचरित्र’ मराठी ओवीत सांगणारे सरस्वती गंगाधर हे मूळचे कानडीभाषक होते. परभाषेत आपली भक्ती बोलून दाखवण्याचे हे धैर्य कुमार गंधर्वांच्याही आधी चार-पाचशे वर्षांचे आहे.

बीदर जिल्ह्यात हुमनाबादेजवळ माणिकनगर आहे. तेथे सणाचे संगीत आणि पूर्वसूरींना वंदन ही दोन्ही एकाच वेळी नांदतात. माणिकप्रभूंचा जन्म 1817 साली लाडवंती येथे दत्तजयंतीच्या पर्वात झाला. त्यांनी 1865 साली, त्याच मार्गशीर्ष महिन्यात समाधी घेतली. त्यांची पदे मराठी, कानडी, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत आहेत आणि ती रागतालांत बांधलेली आहेत. दर वर्षी दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे संगीताचा दरबार भरतो. दूरदूरचे गवई येतात आणि आपली सेवा रुजू करतात. नाताळाच्या सुमारासच हा उत्सव यावा आणि पश्चिमेकडील गायक जे तबकडीवर करतात ते माणिकनगरात समोरासमोर घडावे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रभूंची पदे आता ध्वनिमुद्रित स्वरूपातही ऐकावयास मिळतात.

प्रश्न आहे तो पुढच्या पिढीच्या कानांचा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर आणि त्या वेळचे गुलबर्गे हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील मराठी घरांतली मुले शाळेत कानडी शिकतात आणि ते उचितच आहे, कारण ती त्यांच्या राज्याची भाषा होय. परंतु नाट्यपदाचे अर्धे सौंदर्य शब्दात असते. ‘नाथ’, ‘सखी’, ‘प्रिया’ हे शब्द कानावर पडले तरी त्यांच्यामागचा प्रसंग ज्याला ठाऊक नाही, त्याला बालगंधर्वांचा हलका केलेला शब्द हलका का केला हे कळणार नाही. सूर पोहोचेल, उमज पोहोचणार नाही. ज्या घरात आजी-आजोबा अजून ही पदे गुणगुणतात, तेथे त्या पदामागची कथा नातवंडांना सांगणे ही गोष्ट अवघ्या पाच मिनिटांची आहे. रुक्मिणी कोणाला पत्र लिहिते आणि सिंधू कोणासाठी रडते, इतके कळले तरी पद निम्मे उलगडते. उरलेले निम्मे कानाने मिळवावयाचे.

त्यासाठी एक सोपी रीत आहे. बालगंधर्वांची जुनी मुद्रणे आणि कुमारांची दीर्घ ध्वनिमुद्रिका ही दोन्ही आता यंत्रावर सहज मिळतात. दोघांनीही गायलेले एखादे पद निवडावे. आधी बालगंधर्वांचे ऐकावे आणि तेच पद लगेच कुमारांच्या गळ्यातून ऐकावे. पहिल्या ऐकण्यात फक्त फरक दिसतील, म्हणून निदान तीनदा ऐकावे. तिसऱ्या वेळी कुमार जेथे थांबतात तेथे कान द्यावा. त्या थांबण्यात तंबोऱ्याचा झंकार तेवढा उरतो, आणि बालगंधर्वांनी तो शब्द कसा घेतला होता ते ऐकणाऱ्याला आपोआप आठवते.